सूचना क्रमांक पाच

"काका, जरा पाय वर घ्या, टेबलाचं माप घ्यायचंय," असं मशीनवाला म्हणाला तेव्हा पेंटरकाका 'येथे गाडी लावू नये' या पाटीतल्या शेवटच्या शब्दावर होते. पाय वर घेऊन ब्रश स्थिर ठेवणं सोपं नाही, पण काकांनी ते केलं. मशीनवाल्याने टेप लावून लांबी घेतली, रुंदी घेतली, खिडकीपासून भिंतीपर्यंतचं अंतर घेतलं आणि "बसतंय" असं स्वतःशीच पुटपुटत तो निघून गेला. काय बसतंय ते त्याने सांगितलं नाही आणि काकांनी विचारलं नाही. एकतीस वर्षं पाट्यांच्या कारखान्यात काढलेल्या माणसाला न लिहिलेलंही वाचता येतं. दुसरं कटिंग मशीन येणार होतं, आणि ते काकांच्या टेबलाच्या जागी बरोबर बसत होतं.

कारखान्याला दोन मजले होते. खाली पत्रा कापणं, घासणं, रंगवणं आणि स्टिकरची अक्षरं कापणारं ते मशीन. वर एसी, संगणक आणि डिझाइन करणारी तरुण मंडळी. खालचे खाली जेवत, वरचे वर. जिन्यात दोन्हीकडच्यांची गाठ पडलीच तर एक जण भिंतीला चिकटून उभा राही आणि दुसरा मोबाइल बघत निघून जाई. हाताने अक्षर लिहिणारे आता एकटे काकाच उरले होते. त्यांच्या टेबलावरून मान वर केली की वरच्या मजल्यावरची मॅडमच्या केबिनची काच दिसे. मॅडम म्हणजे मालकांची मुलगी. मालक थकले आणि दोन वर्षांपूर्वी कारखाना तिच्या हाती आला. ती अधूनमधून नव्या डिझाइनचे कागद त्या काचेला लावायची, छापलेली बाजू बाहेर करून, थोडा वेळ तिथेच उभी राहायची आणि मग काढून टाकायची. ऊन लागत असेल, असं काकांना वाटे.

मान मात्र त्यांना वर करावीच लागे. इतकी वर्षं वाकून लिहिल्यामुळे मानेने संप पुकारला होता. डॉक्टरांनी व्यायाम नेमून दिला होता: सकाळी तासातासाला मान वर-खाली, जेवणानंतर तासातासाला डावीकडे-उजवीकडे. काका वेळेचे पक्के होते, त्यात त्यांनी कधी खाडा केला नाही.

माप घेतलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅडमने त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"बसा ना काका," ती म्हणाली. त्या केबिनमध्ये काकांना आजवर कोणी बसा म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते मनातून हादरले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले.

"रविवारी सगळ्यांनी मिळून पाण्याकाठी खजिना शोधायचा खेळ खेळू या. टीम बिल्डिंग म्हणतात त्याला. जोड्या पाडायच्या, एक वरचा, एक खालचा. प्रत्येक ठिकाणी एक खूण सापडते, ती पुढच्या ठिकाणी नेते. तुम्ही काकूंबरोबर रोज तिकडे फिरायला जाता ना? मग सगळी आखणी तुम्हीच करा."

"मी?"

"तुमच्याइतकी ती जागा कोणाला माहीत आहे? आणि... तुमच्या हातचं काहीतरी सगळ्यांच्या लक्षात राहील." एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली.

काकांनी ओळखायचं ते ओळखलं. बळीच्या बकऱ्याला आधी चारा घालतात. पण बुडत्याला काडीचा आधार, तसं त्यांना हेही वाटून गेलं की खेळ चांगला झाला, वरच्यांना आणि खालच्यांना काकांची किंमत कळली, तर टेबल कदाचित वाचेल. त्या टेबलावर त्यांचा उभा जन्म गेला होता. ते गेलं तर कारखान्यात आपण नेमकं कुठे उभं राहायचं, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

घरी त्यांनी बायकोला खेळाचं सांगितलं, टेबलाचं सांगितलं नाही. बायको शिवणयंत्रावर कुणाचा तरी झगा आत घेत होती. दोरा दातांनी तोडत ती म्हणाली, "मग त्यात एवढं काय? कागदावर चार ओळी लिहा आणि चिकटवा."

"कागद? त्या दमट हवेत तासाभरात लोळागोळा होईल. आणि माझ्या हातचं अक्षर कागदावर? लोक काय म्हणतील?"

"एका सकाळचा खेळ आहे हो."

"पाटी एका सकाळची असो नाहीतर शंभर वर्षांची, ती नीटच झाली पाहिजे."

इथेच पहिली ठिणगी पडली, पण ती कुणाला दिसली नाही. काकांनी सहा पत्रे कापून घेतले, कडा घासल्या, चार कोपऱ्यांना भोकं पाडली. रंगासाठी कपाटात निळ्याचा एक डबा उरला होता, नगरपालिकेच्या पाट्यांचं काम केलं होतं तेव्हाचा. निळ्यावर पांढरी अक्षरं, भोवती पांढरी किनार. आणि कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात क्रमांक घालायची शिस्त होती, म्हणून उजवीकडे खाली बारीक अक्षरात 'सूचना क्र. १/६' असं लिहून त्यांनी पहिली पाटी पुरी केली. वर मजकूर होता: 'येथून पुढे घाई करू नये.'

बायकोने चष्मा लावून तो वाचला. "हा खेळ आहे की तुरुंग?"

"का?"

"खेळायला आलेल्या माणसाला पहिलंच 'नये'?"

काका स्टुलावर बसले. थुंकू नये, कचरा टाकू नये, फुले तोडू नयेत, आत येऊ नये, येथे बसू नये. एकतीस वर्षांत त्यांनी हजारो वेळा 'नये' लिहिलं होतं आणि एकाही माणसाने ते पाळलेलं त्यांनी बघितलं नव्हतं. रोज फिरायला जाताना ते आपल्याच हातच्या 'येथे कचरा टाकू नये' या पाटीखालचा ढीग चुकवून जात. एवढं सुबक अक्षर आणि त्याच्या पायाशी केळ्याची सालं. याचं त्यांना वाईट वाटे, पण ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"मग काय लिहू?"

"लोकांनी काय करू नये ते पुष्कळ लिहून झालं. काय करावं ते लिहा की."

पाण्याकाठी आपण स्वतः काय करतो, ते काकांनी आठवून बघितलं आणि तेच लिहिलं. पहिली पाटी: 'येथून सावकाश चाला. तिसऱ्या दिव्यापाशी थांबा.' दुसरी, तिसऱ्या दिव्याची: 'मागे वळून बघा. मग पायऱ्यांकडे चला.' तिसरी, पाण्यात उतरणाऱ्या रुंद पायऱ्यांची: 'एक मिनिट गप्प बसा. पाणी ऐका. मग लोखंडी खुंटाकडे चला.' चौथी, पूर्वी जहाजं बांधायचे त्या खुंटाची: 'याला हात लावा. मग वळणाकडे चला.'

"वळणापाशी काय करतो गं आपण?"

"मी बोलते आणि तुम्ही हं म्हणता."

काकांनी पाचव्या पाटीवर लिहिलं: 'सोबतच्या माणसाला एक खरी गोष्ट सांगा. मग बाकाकडे चला.' हे आपल्याला कुठून सुचलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. सहावी पाटी बाकाची होती: 'दोघांनी शेजारी बसा.' त्या बाकाखाली खजिन्याचा डबा ठेवायचा होता.

शनिवारी सकाळी वरच्या मजल्यावरची चष्मेवाली मुलगी, जी डिझाइन करायची, चक्क जिना उतरून खाली आली. दुपारी मॅडमचं डोकं फिरलेलं असतं, जेवणानंतर दाखवलेलं एकही डिझाइन पास होत नाही, अशी वरच्या मजल्यावर ठाम समजूत होती; त्यामुळे वरची सगळी मंडळी सकाळी घाईत असत. ती आज खाली उतरली म्हणजे तिला खरंच उत्सुकता होती. तिने पाट्या वाचल्या.

"काका, अक्षर कसलं भारी आहे! पण यात कोडं कुठंय? खजिन्याच्या खेळात कोडं लागतं ना?"

"पाटी वाचून माणसाला डोकं खाजवावं लागलं, तर ती पाटी कसली?" काका म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी काका तार, पक्कड आणि बायको घेऊन पाण्याकाठी गेले. पाचवी पाटी बांधत असताना तिथला रखवालदार आला. गेली अकरा वर्षं तो तिथे शिट्टी वाजवत होता आणि लोक त्या शिट्टीला पाखरांच्या आवाजाइतकीच किंमत देत होते. त्याने निळा रंग बघितला, किनार बघितली, वाकून क्रमांक वाचला आणि तो ताठ उभा राहिला.

"कधीपासून लागू?"

"उद्या सकाळपासून," काका म्हणाले. ते खरंच होतं.

"कुणाकुणाला?"

काकांच्या डोळ्यांपुढे आपल्या सहा जोड्या होत्या. "जे येतील त्या सगळ्यांना."

"वरच्या लोकांनाही?"

"वरच्यांना आणि खालच्यांना, दोघांना सारखंच."

रखवालदाराच्या चेहऱ्यावर एक विलक्षण तेज आलं. त्याने वहीत नोंद केली आणि काकांना कडक सलाम ठोकला. "किती माणुसकीचा आहे गं हा," काका बायकोला परतताना म्हणाले.

रविवारी नऊ वाजता कारखान्याची बारा माणसं पाण्याकाठी जमली. चिठ्ठ्या टाकून जोड्या लागल्या. चष्मेवाली मशीनवाल्याच्या वाट्याला आली आणि दोघांनीही ते फार आनंदाने घेतलं नाही. मॅडम वरचीही नव्हती आणि खालचीही नव्हती. तिने काकांना आपल्या जोडीला घेतलं. "तुम्हाला सगळं माहीत आहे, तेव्हा आपण शेवटी चालू या."

पण चालायला जागाच नव्हती. पहिल्या पाटीपासून पुढे रविवारची सगळी गर्दी सावकाश चालत होती. एरवी धापा टाकत पळणारी मंडळी हात मागे बांधून, लग्नाला आल्यासारखी पावलं टाकत होती. अर्ध्या चड्डीतल्या एकाने पुढे घुसायचा प्रयत्न केला, तेवढ्यात फुर्र करून शिट्टी वाजली.

"पाटी वाचा!" रखवालदार ओरडला. त्या माणसाने पाटी वाचली, कोपऱ्यातला क्रमांकही वाचला आणि तो मुकाट्याने रांगेत आला.

"काका," मॅडम हळूच म्हणाली, "हे सगळे आपल्या खेळात आहेत?"

"नाहीत हो. काहीतरी घोटाळा झालाय."

घोटाळा पुढे वाढतच गेला होता. तिसऱ्या दिव्यापाशी लोक थांबून मागे वळत होते. ते काय बघताहेत हे बघायला त्यांच्या मागचे मागे वळत होते, आणि त्यांच्या मागचेही. अख्खा रस्ता पाठमोरा उभा होता. काही दिसलं नाही असं म्हणावं, तर सकाळच्या उन्हात आपण आलो ती सगळी वाट, होड्या आणि गोदामांची छपरं इतकी स्वच्छ दिसत होती की लोक पुढे जायलाच तयार होईनात. पायऱ्यांवर शे-दीडशे माणसं गप्प बसली होती. मधेच एकाचा मोबाइल वाजला, तेव्हा एवढ्या जणांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तो शर्टात खोल खुपसून वर हात दाबून धरला. खुंटाला हात लावायला रांग होती. ती खुंटासाठी आहे हे शेपटाकडच्यांना माहीत नव्हतं, पण रांग आहे म्हणजे काहीतरी मिळत असणार, म्हणून ते उभे होते. कारखान्याच्या ज्या जोड्या पळत सुटून खजिना पटकावणार होत्या, त्याही त्यातच अडकल्या होत्या. नाइलाजाने वरचे आणि खालचे एकमेकांशी बोलू लागले होते.

खेळाचा पार बोजवारा उडाला, आता टेबल गेलंच म्हणून समजा, असं मनाशी म्हणत काका मॅडमच्या मागोमाग वळणापाशी पोहोचले.

वळणावर रखवालदार स्वतः उभा होता. बाकी पाट्या त्याने लोकांच्या भरवशावर सोडल्या होत्या, पण पाचवी सर्वांत अवघड आहे हे त्याने ओळखलं होतं. काकांच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

"तुझ्या भावाने दिलेलं घड्याळ हरवलं नव्हतं," नवरा खाली बघत म्हणाला. "मला ते आवडलं नाही, म्हणून मी पुतण्याला देऊन टाकलं."

"माहितीये. त्यानेच मला दाखवलं," बायको म्हणाली.

"माहीत असलेलं चालत नाही," रखवालदार म्हणाला. "पाटीवर 'सांगा' लिहिलंय. माहीत असलेलं सांगणं म्हणजे नुसती आठवण करून देणं. दुसरं सांगा."

"मीच सांगते," बायको म्हणाली. "तुमच्या हातचा चहा मला आवडत नाही. वीस वर्षं झाली, मी तो कुंडीत ओतते."

"तरीच ते झाड..." नवरा थबकला. मग दोघंही हसत सुटली आणि हात धरून बाकाकडे गेली.

आता मॅडम आणि काका पुढे आले.

"अहो, या पाट्या आमच्याच आहेत. आमचा खेळ आहे हा," मॅडम म्हणाली.

"सकाळपासून सगळे काही ना काही सांगताहेत, ताई. एक जण तर म्हणाला, मी नगरसेवकाचा मेहुणा आहे. त्यालाही खरी गोष्ट सांगावी लागली."

"काय सांगितली?"

"मेहुणा नाहीये म्हणाला. चला, आटपा. मागे रांग आहे."

रांगेत सगळ्यांत पुढे चष्मेवाली आणि मशीनवाला होते, आणि मागे तीस-चाळीस अनोळखी माणसं कान टवकारून उभी होती. मॅडमने पाण्याकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि एक श्वास घेतला.

"काका, याच आठवड्यात तुमचं टेबल काढायचं ठरवलंय. तिथे मशीन येणार. तुम्हाला तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून हा खेळ तुमच्याकडे दिला."

"माहीत आहे," काका म्हणाले. "माप घेतलं तेव्हाच कळलं."

रखवालदाराने बोट वर केलं. "माहीत असलेलं..."

"चालत नाही!" अख्खी रांग एका सुरात म्हणाली.

मॅडमचे डोळे एकदम भरून आले. "मग ऐका. मला अक्षरातलं काही कळत नाही. बाबांना पाटी बघताक्षणी कळायचं, मला कळत नाही. वरची मुलं डिझाइन आणतात, मी ते काचेला लावते आणि तुमच्याकडे बघते. तुम्ही बघून मान हलवता. होकाराची हलवली तर मी पास करते, नकाराची हलवली तर परत पाठवते. दोन वर्षं कारखाना असाच चाललाय. टेबल काढायचं ठरवलं त्या दिवसापासून मला एकच चिंता लागलीय, टेबल गेलं तर मी बघू कुणाकडे? खरं सांगते काका, ते राहू दे असंच आता मला वाटतंय."

रांगेत कुणीतरी नाक ओढलं. काकांच्या छातीवरचा आठवडाभराचा दगड उतरला. टेबल वाचलं होतं! हे एवढं मोठं सुख त्या वळणावर उभ्या उभ्या त्यांच्या पदरात पडलं.

"आता काका, तुम्ही," रखवालदार म्हणाला.

काकांच्या ओठांवर 'मला पाणी बघायला आवडतं' हे वाक्य आलं होतं. तेही खोटं नव्हतं, आणि त्याने कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण समोर पाटी होती. त्यांच्या स्वतःच्या हातची, रंगाचे दोन थर दिलेली. 'खरी' या शब्दावर त्यांनी विशेष मेहनत घेतली होती, आणि तो आता त्यांच्याकडे रोखून बघत होता. तीनशे माणसांनी सकाळपासून त्यांचं लिहिलेलं पाळलं होतं, आणि लिहिणाऱ्यानेच ते मोडायचं, हे त्यांना जमेना.

"मॅडम, मी मान हलवत नाही," ते म्हणाले. "म्हणजे हलवतो, पण तो व्यायाम आहे. मानेचा. डॉक्टरांनी सांगितलाय. सकाळी वर-खाली आणि दुपारी डावी-उजवी."



"थांबा थांबा," चष्मेवाली मागून ओरडली. "दुपारी डावी-उजवी? म्हणून! म्हणजे माझी अकरा डिझाइनं काकांच्या मानेने खाल्ली?"

"आणि माझ्याकडे सकाळचं काहीही कापायला यायचं," मशीनवाला म्हणाला. "तरी म्हटलं, तो उलटा लावलेला मासा पास कसा झाला!"

मॅडम खुंटासारखी उभी होती. "म्हणजे तुम्ही ती डिझाइनं कधी बघितलीच नाहीत?"

"बघितली की. सगळी बघितली. मला कुणी विचारलं नाही एवढंच."

"आता विचारते. गेल्या महिन्यातली दवाखान्याची पाटी कशी होती?"

काकांना अजून एक खरी गोष्ट सांगणं जिवावर आलं, पण आता माघार कसली? "रंग सुंदर होता. पण त्यातला बाण वाचायला माणसाला थांबावं लागतं. दवाखाना शोधणाऱ्या माणसाला थांबायला वेळ नसतो. आणि ती परत पाठवली ना, हिचीच होती, दुकानाची, पिवळी? ती फार चांगली होती. ती गेली तेव्हा मला वाईट वाटलं होतं."

चष्मेवालीने चष्मा काढून पुसला. मॅडम मागे वळली आणि आपण आलो त्या वाटेकडे बघत राहिली. सावकाश चालणारी, गप्प बसलेली, खुंटाला हात लावणारी ती सगळी माणसं तिथून दिसत होती.

"पाटी वाचून एवढी माणसं ऐकताना मी पहिल्यांदाच बघतेय," ती म्हणाली.

"मी पण," काका म्हणाले.

"झालं, झालं," रखवालदाराने शिट्टी फुंकली. "दोघांच्याही माहीत नसलेल्या होत्या. जा पुढे."

बाकावर दोन आजोबा बसले होते आणि मागे जोड्यांची रांग होती. खजिना जागेवर नव्हता. रखवालदाराने तो सकाळीच बेवारस वस्तू म्हणून जमा करून घेतला होता. मग सही घेऊन त्याने तो परत दिला. डब्यात काकांनी रंगवलेल्या हाताएवढ्या बारा पाट्या होत्या. प्रत्येकीवर एकेकाचं नाव, वरच्यांचं आणि खालच्यांचं एकाच मापात. मॅडमच्या पाटीवर फक्त तिचं नाव होतं, पुढे-मागे मालकांचं काही नव्हतं. तिने ती बराच वेळ हातात धरून ठेवली.

सोमवारी मशीन आलं आणि खिडकीशी बसलं. माप बरोबर निघालं. काकांचं टेबल मात्र चौघांनी उचलून, दोन वरच्यांनी आणि दोन खालच्यांनी, जिन्यावरून वर नेलं आणि चष्मेवालीच्या शेजारी लावलं. खिडकी गेली, याचं काकांना दुःख झालं. ते त्यांनी मॅडमला सांगूनही टाकलं. आता प्रत्येक डिझाइन त्यांच्यापुढे येतं आणि त्यांनी तोंडाने बोलायचं असतं. मानेचा व्यायाम त्यांनी जिन्यात जाऊन करावा, असा लेखी नियम आहे.

मंगळवारी नगरपालिकेचे एक साहेब तणतणत आले. त्या सहा पाट्या परवानगीशिवाय लागल्या होत्या. साहेब त्या काढायला गेले तेव्हा रखवालदाराने त्यांच्याकडे क्रमांकासह लेखी आदेश मागितला होता. दप्तरात तो क्रमांक सापडेना, आणि जी सूचना काढलेलीच नाही ती रद्द तरी कशी करणार? शेवटी साहेबांनी मधला मार्ग काढला. त्यांनी कारखान्याला सहा लहान पाट्या करायला सांगितल्या, प्रत्येक पाटीखाली लावायला: 'वरील सूचना पाळू नये.'

काकांनी त्या लिहिल्या. निळा डबा तळाला गेला होता, तेवढ्यात भागलं. आयुष्यातलं सर्वांत देखणं 'नये' त्यांनी तेव्हा लिहिलं. पाट्या लागल्या, आणि आजवरच्या प्रत्येक 'नये'चं झालं तेच त्यांचंही झालं. कुणीही त्या पाळल्या नाहीत.

त्या आठवड्यात काका बायकोबरोबर फिरायला गेले. सावकाश चालले, मागे वळून बघितलं, पाणी ऐकलं, खुंटाला हात लावला. वळणावर रखवालदार होता. त्याने सलाम केला, पण वाट सोडली नाही.

काका बायकोकडे वळले. "माझं टेबल जाणार होतं. तुला सांगितलं नाही."

"माहीत होतं," ती म्हणाली. "आठवडाभर तुम्ही रात्री झोपेत टेबल धरून ठेवत होता. माझा दंड दुखून आला."

रखवालदार नुसता खाकरला.

काकांना दुसरं सापडायला वेळ लागला. मागे दोन माणसं येऊन थांबली. "मला वाटायचं," ते शेवटी म्हणाले, "की माझं कधीच कुणी ऐकत नाही. एकतीस वर्षं वाटायचं."

"हे मला माहीत नव्हतं," बायको म्हणाली. "तुम्ही नुसतं हं म्हणायचात. त्यात मी काय ऐकणार होते?"

रखवालदाराने वाट सोडली. पण काका पुढे जाईनात. त्यांना आणखी एक सांगायचं होतं, आणि मग आणखी एक. मागची रांग वाढत चालली, तेव्हा रखवालदाराने तिला हाताने थोपवलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच शिट्टी खिशात ठेवली.